कावळ्याच्या वाटचा भात

मीटरवर आकडा आला १६४.

श्रीविद्याने पट्टी काढून टाकली, नवी लावली, त्याच माशाच्या शेपटीजवळून काढलेल्या रक्ताचा दुसरा थेंब तिच्या टोकाला टेकवला आणि मनात पाच सेकंद मोजले. १६१. हा मासा चोवीस तास उपाशी होता. चोवीस तास उपाशी असलेल्या रोहूच्या रक्तात साखर साठच्या आसपास असते, फार तर सत्तर. एकशे एकसष्ट म्हणजे नुकताच पंगतीतून उठून आलेला मासा.

“किती?” सेतुराममामांनी विचारलं. ते शेजारीच स्टुलावर बसले होते.

“एकशे एकसष्ट.”

“माझ्याहून जास्ती,” मामा म्हणाले आणि स्वतःचं बोट पुढे केलं. “आतां माझी बघ.”

तिने मामांच्या बोटाला टोचलं. १३८. वहीच्या शेवटच्या पानावर मामांची साखर ती दर दहा दिवसांनी लिहून ठेवायची. ती २१४ पासून पायरी पायरीने उतरत आली होती. अख्ख्या वहीत एवढी एकच गोष्ट नीट चालली होती, आणि तिचा प्रबंधाशी काहीही संबंध नव्हता.

कुंभकोणमहून तिरुविसनल्लूरला जाणाऱ्या रस्त्यावर मामांचं घर होतं. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते बांधलं. मागे नारळाची नऊ झाडं, बोअरचं पाणी आणि भरपूर सावली. श्रीविद्याच्या विभागातल्या टाक्या दुसऱ्याच कुणाच्या कोळंबीने अडवून ठेवल्या होत्या, म्हणून ती आपल्या बारा निळ्या टाक्या घेऊन इथे आली. प्रत्येकीत वीस रोहू. चार टाक्यांना दिवसातून एकदा खाद्य, चार टाक्यांना दोनदा, चार टाक्यांना चारदा. दिवसभराचं एकूण खाद्य मात्र सगळ्यांना सारखंच, माशांच्या वजनाच्या तीन टक्के. प्रश्न साधा होता. मासा साखर हाताळण्यात मुळातच मंद. माणसाला दोन तासांत जे जमतं त्याला माशाला निम्मा दिवस लागतो. मग तेवढंच खाद्य एका बैठकीत दिलं तर त्याचं काय होतं आणि थोडं थोडं दिलं तर काय होतं? याचं उत्तर मिळालं, तर तळ्यावरच्या माणसाला दिवसातून किती फेऱ्या मारायच्या हे तरी सांगता आलं असतं. कोणत्या टाकीला किती वेळा हे चुकू नये म्हणून तिने टाक्यांवर पांढऱ्या रंगाने ठळक आकडे घातले होते: १, २, ४.

दोनवाल्या आणि चारवाल्या टाक्या शहाण्यासारख्या वागत होत्या. दर दहाव्या दिवशी नमुने घेतले की उपाशीपोटीचा आकडा साठ, बासष्ट, अठ्ठावन्न. घोटाळा होता तो एकवाल्या टाक्यांचा. दहाव्या दिवशी १४८. विसाव्या दिवशी १५५. पद्मनाभ सर, म्हणजे तिचे मार्गदर्शक, तेव्हा खूश झाले होते: एकदम खाल्लेलं पचायला चोवीस तासही पुरत नाहीत, हाच तर शोध. मग तिसाव्या दिवशी एकवाल्या चारही टाक्या निमूटपणे ५९ वर आल्या. चाळीस आणि पन्नासला पुन्हा दीडशेच्या वर. साठाव्या दिवशी ६१. सत्तरला १५८. आणि आज, ऐंशीव्या दिवशी, हे.

तिने मीटर बदलला होता. पट्ट्यांचा लॉट बदलला होता. मासा घाबरला की त्याची साखर चढते, म्हणून त्याला गुंगी आणायचं लवंगेचं तेल बदललं, जाळी बदलली, स्वतःची चप्पलसुद्धा बदलली, कारण जुनी वाजायची. पाण्याचं तापमान, प्राणवायू, अमोनिया, सगळं तपासलं. खाद्याचं पोतं बदललं. फक्त मामा-मामी बदलायचे राहिले होते, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

संध्याकाळी सरांचा फोन आला. सर तमिळमध्ये बोलत आणि वाईट सल्ला द्यायचा असला की आवाज मऊ करत.

“तू दर दहा दिवसांनी नमुने का घेतेस?”

“तुम्हीच सांगितलंत सर.”

“महिन्यातून एकदा घेतात लोक. तीस, साठ, नव्वद. तुझे तीस आणि साठ उत्तम आहेत. नव्वद तसाच आला की तीन बिंदू झाले, छान रेघ निघते.”

“आणि मधले सहा?”

“मधले आपण घेतलेच नव्हते.”

तिने वहीचं पान उलटलं.

“शिष्यवृत्ती मार्चअखेर संपते, श्रीविद्या. मुदतवाढ मिळणार नाही, मी विचारून पाहिलंय. प्रयोगाचे अजून दहा दिवस राहिलेत. नव्वदावा दिवस तेवढा नीट पार पाड.”

फोन ठेवल्यावर तिला सरांचा राग आला नाही. राग आला तो सर म्हणत होते ते किती सोपं आहे याचा.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी ती स्वयंपाकघरात गेली. नव्वदाव्या दिवशी बर्फ लागणार होता आणि बर्फवाल्याला वार सांगायचा होता. रोज एक पान फाडायचा दिनदर्शिकेचा गठ्ठा भिंतीवर होता, पण मामी त्याशिवाय एक महिन्यांचा तक्ताही ठेवायच्या. रुक्मिणीमामी चुलीपाशी उभ्या राहून भाताची पेज गाळत होत्या. आडुतुरै वाणाचा तांदूळ, दोन मापटी, रोज. घरात सासू-सासरे, दीर आणि मुलगा बालाजी होते तेव्हाही दोन मापटी आणि आता सगळे गेले, बालाजी होसूरला कारखान्यात लागला, तरी दोन मापटी.

“मामी, तीन माणसांस दोन मापटीं कशास?”

“कमी पडलें तर?”

“आजवर कधीं पडलें?”

“दोन घालतें म्हणून नाहीं पडलें,” मामी म्हणाल्या.

 श्रीविद्या तक्त्याकडे वळली. आजपासून नववा दिवस. तिने बोट टेकवलं आणि बोटाच्या एक घर अलीकडे कुंकवाचा ठिपका दिसला.

“हे ठिपके कशाचे?”

“एकादशीचे. आणि कशाचे असणार.”

तिने पान मागे उलटलं. कुंकवाचे ठिपके महिन्यातून दोन. तिने आपल्या नमुन्यांच्या तारखा तोंडपाठ म्हटल्या आणि एकेकीवर बोट ठेवत गेली. दहावा दिवस, ठिपका नाही. विसावा, नाही. तिसावा, ठिपका. चाळीस नाही, पन्नास नाही. साठ, ठिपका. सत्तर नाही. काल नाही.

ती तिथेच उभी राहिली. योगायोग असतो हे तिला ठाऊक होतं. आठ तारखांपैकी नेमक्या दोनच बरोबर येणं आणि त्या दोन्ही एकादशीच्या असणं, हाही योगायोग असू शकतो. पण रोहूने एकादशी धरावी असं कुठल्याही शोधनिबंधात तिच्या वाचनात आलं नव्हतं.

“मामी, एकादशीस ह्या घरांत वेगळें काय होतें?”

“काय वेगळें? अभंग होतात. मामा तुझे थोडे बेसूर गातात, तें रोजचेंच. तांदूळ शिजत नाहीं. रव्याचें उप्पीट करतें.”

“तांदूळ शिजत नाहीं,” श्रीविद्या म्हणाली.

“एकादशीस तांदूळ कोण शिजवतें? इतकी शिकलीस आणि हें विसरलीस?”

तेवढ्यात मामा आले. सोवळं नेसलेले, ओल्या हातांचे. भाताच्या पातेल्याशी बसून त्यांनी कावळ्याचा घास काढायला घेतला. जेवणाआधी परसातल्या भिंतीवर कावळ्याला भात ठेवायचा, मग घरच्यांनी जेवायचं. हे मामींचं काम, पण गेले तीन महिने ते मामांनी आपल्याकडे घेतलं होतं. मामींना त्याचं फार कौतुक. निवृत्त झाल्यावर तरी यांना पितरांची आठवण झाली, असं त्या शेजारणींना सांगत. श्रीविद्या नमुन्याच्या दिवशी दुपारी बर्फ आणायला बाजारात असायची आणि एरवी पुढच्या खोलीत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत असायची, त्यामुळे हा सोहळा तिने कधी नीट पाहिला नव्हता. आज पाहिला. मामांनी एक मूठ घेतली, दोन घेतल्या, तीन घेतल्या, चौथी घेताना मामींकडे एकदा बघितलं आणि पाचवी घेतली. द्रोणात मावेना म्हणून तांब्या घेतला.

“कावळा आहे कीं हत्ती?” श्रीविद्याने विचारलं.

“आपले पितर पुष्कळ आहेत,” मामा म्हणाले आणि मागच्या दाराने गेले.

ती त्यांच्या मागोमाग गेली, नारळाच्या आडून. मामांनी भिंतीवर दहा-बारा शितं ठेवली. कावळा आला, त्याने ती एकेक करून उचलली आणि मान वाकडी करून आणखी आहे का ते पाहिलं. नव्हतं. मामा तांब्या घेऊन टाक्यांकडे वळले होते. पहिली टाकी २ आकड्याची, ती सोडली. दुसरी ४, ती सोडली. तिसरीवर १ होता. तिथे ते थांबले आणि तांब्यातला भात बोटांनी मोकळा करून, कुणाला तरी वाढावा तसा, हळूहळू पाण्यात सोडू लागले. पाणी फसफसलं. मासे त्यांना ओळखत होते.

“मामा.”

मामा दचकले, पण हात थांबला नाही. वाढता वाढता मध्ये थांबायचं नसतं.

“किती दिवस?”

“काय किती दिवस?”

“मामा.”

त्यांनी तांब्या खाली ठेवला. “तूं टाक्या मांडल्यास त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून असेल.”

“रोज?”

“एकादशी सोडून.”

“एकवाल्या टाक्यांतच कां?”

“तूंच लिहिलेंस ना एक वेळ म्हणून,” मामा म्हणाले, आता थोडे चिडून. “शेजारचीं चार वेळां जेवतात आणि हीं बिचारीं एकदांच. मजला डॉक्टरानें सांगितलें, थोडें थोडें चार वेळां खा. माणसास एक न्याय आणि माशास दुसरा?”

 श्रीविद्या टाकीच्या काठावर बसली.

“आणि भात तुमच्या पानांत कां नाहीं?”

मामांनी मागच्या दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “पातेल्यांत उरलें कीं तें माझ्या पानांत येतें. शिळा भात ती ठेवत नाहीं, टाकत नाहीं. सांबाराबरोबर एक रास, रसमाबरोबर एक, ताकाबरोबर एक, आणि मग पातेलें पुसून चौथी. साखर दोनशेंवर गेली होती. कावळ्याच्या नांवानें काढला तर ती कांहीं बोलत नाहीं. पण इतका भात कावळा खात नाहीं ग. भिंतीवर राहिला तर दिसतो.”

“नको म्हणायचें.”

“एक्केचाळीस वर्षांत नाहीं म्हटलें. तिला माझ्या आईनें पहिल्याच दिवशीं सांगितलें होतें, ह्या घरांतून कोणी अर्ध्या पोटीं उठत नाहीं. आतां मीं पुरे म्हटलें तर तिला वाटेल, तिच्या हातचें नकोसें जाहलें.”

“म्हणून तुम्हीं तुमची साखर माझ्या माशांस दिलीत.”

मामांनी क्षणभर विचार केला. “तसें म्हणशील तर तसें,” ते म्हणाले.

तिने त्या टाकीतला एक मासा काढला, लवंगेच्या पाण्यात निजवला आणि पोट उघडून पाहिलं. आतड्यात भाताचा पांढरा लगदा होता आणि एक शीत तर अजून अख्खं. शिजलेला स्टार्च, दुपारी बाराला. ती नमुने घ्यायची चारला. चार तासांत रोहूची साखर अशी चढलेली असते की मीटरला दोष द्यायचा प्रश्नच नव्हता. मीटर, पट्ट्या, तेल, जाळी, चप्पल, सगळी निर्दोष होती. आणि टाक्यांवर जेवणाच्या वेळा कुणालाही वाचता येतील अशा लिहिणारी मुलगी पदव्युत्तर परीक्षेत पहिली आलेली होती.

मामांना तिने एवढंच सांगितलं, की आजपासून एकही शीत नाही. मामींना सांगू नकोस, एवढंच ते म्हणाले.

दुपारभर ती वही घेऊन बसली. नव्वदावा दिवस द्वादशीचा होता. एकोणनव्वदावा एकादशीचा. कुणालाही न दुखवता, कुणालाही न सांगता, अगदी मामांनी भात घालणं चालू ठेवलं असतं तरीसुद्धा, एक दिवस आधी नमुने घेतले की आकडा साठच्या आसपास येणार होता. तीस, साठ, एकोणनव्वद. एकोणनव्वद म्हणजे नव्वदच. बर्फाची अडचण होती असं लिहिलं असतं तर परीक्षकांनी मानसुद्धा वर केली नसती. सरांची छान रेघ निघाली असती.

तिने ती रेघ काढूनही पाहिली, पेन्सिलीने. खरोखरच छान होती. फक्त ती दिवसातून एकदा जेवणाऱ्या माशांची नव्हती. ती रोज दुपारी भात खाणाऱ्या आणि एकादशी पाळणाऱ्या माशांची होती, आणि असे मासे जगात फक्त या परसात होते. उद्या ती रेघ बघून कुणी तळ्यावरच्या माणसाला सांगितलं असतं, एकदाच घाल, चालतं. तिने खोडरबर घेतला, मग ठेवून दिला आणि पान तसंच राहू देऊन सरांना ईमेल लिहिला. चार वाक्यं.

सरांचा फोन दहा मिनिटांत आला.

“कावळा?”

“कावळ्याच्या वाटचा भात, सर.”

पलीकडे सरांनी पंखा बंद केला.

“हे तू प्रबंधात कसं लिहिणार?”

“लिहिणार नाही. पुन्हा करणार. पुढच्या आठवड्यात रोहूची बोटुकली मिळाली तर फेब्रुवारीअखेर नव्वद दिवस होतात.”

“एक दिवसही इकडे तिकडे चालणार नाही.”

“माहीत आहे.”

“टाक्यांवर आकडे कुणी घातले होते?”

“मीच.”

“शाबास,” सर म्हणाले आणि फोन ठेवला.

जुने मासे पलीकडच्या गावातला एक तळेवाला घेऊन गेला. नवी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आली. या वेळी टाक्यांवर तमिळ अक्षरं होती, चिठ्ठ्या टाकून काढलेली, आणि त्यांचा अर्थ फक्त श्रीविद्याच्या कुलूपबंद पेटीतल्या कागदावर होता. मामा हात पाठीमागे बांधून टाक्यांमधून फिरायचे.

“ह्यांत उपाशी कोण?”

“सगळे तुमच्याहून सुखी आहेत.”

ते मात्र खरं होतं. कावळ्याचा घास पुन्हा कावळ्याच्या चोचीएवढा झाला आणि पातेलं मामांच्या पानात रिकामं होऊ लागलं. पहिल्या तीन दिवसांत साखर १५१. पाचव्या दिवशी १७८. मामींना धक्का बसला. तीन महिने त्या पहाटे उठून मामांना कारल्याचा रस देत होत्या आणि उतरलेली साखर हे त्याच रसाचं यश होतं. आता त्यांनी रसाचा पेला मोठा केला. मामा तो डोळे मिटून प्यायचे आणि दुपारी चार राशी भात खायचे. सातव्या दिवशी २०३.

आठव्या दिवशी दुपारी श्रीविद्याला एका टाकीच्या काठावर एक शीत सापडलं.

एकच. ओलं, ताजं. तिने ते चिमटीत धरून मामांच्या समोर नेलं. मामा झोपाळ्यावर होते.

“एक घासच होता,” मामा म्हणाले. “मजला खाववेना, ग. डोळे फिरल्यासारखे जाहले.”

त्या टाकीवर तिने वहीत फुली मारली. त्या गटाच्या तीन टाक्या उरल्या. तीन चालतात. दोन चालत नाहीत. आणखी एक घास, आणि मार्चनंतर तिच्याकडे दाखवायला फक्त कारल्याचा रस उरणार होता.

“मामा, रस्त्यावरच्या हॉटेलांत तुम्ही जेवतां तेव्हां वाढणाऱ्यास काय म्हणतां?”

“पोदुम म्हणतों,” मामांनी तमिळमधला ‘पुरे’ सांगितला.

“तो रडतो?”

“तो कशास रडेल? तो परका.”

“मी मामींस कांहीं सांगणार नाहीं,” श्रीविद्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मामांनी झोपाळा थांबवला. “मी जाळ्याही लावणार नाहीं आणि पहाराही देणार नाहीं. मजला माशांचें काम आहे. तुमचें तुम्हीं सांगायचें. उद्यां. परवां माझे नमुने आहेत.”

दुसऱ्या दिवशी तिघंही पानावर बसली, म्हणजे मामा आणि श्रीविद्या बसली. मामी वाढत होत्या. सांबाराची रास झाली. रसमाची झाली. मामांनी ती भिंतीकडे बघत संपवली. ताकाचा भात वाढून मामी पातेलं पुसायला आत गेल्या आणि उरलेला भात डावात घेऊन बाहेर आल्या. मामांनी पानावर हात आडवा धरला.

मामी डाव धरून वाट बघत राहिल्या. हाताखालचा केस-बिस काढायचा असेल, असं त्यांना वाटलं असावं.

“पुरे,” मामा म्हणाले.

“काय?”

“पुरे जाहलें.”

“भातांत कांहीं आहे?”

“भातांत कांहीं नाहीं. माझ्यांत आहे. दोनशें तीन आहे.” आणि मग, एकदा सुरुवात झालीच आहे म्हणून, त्यांनी सगळंच सांगून टाकलं: कावळा, तांब्या, टाक्या, श्रीविद्याचे ऐंशी दिवस. सांगताना हात पानावर तसाच होता.

मामींनी श्रीविद्याकडे बघितलं. श्रीविद्या आपल्या पानाकडे बघत होती.

“म्हणजे कावळ्यानें खाल्लाच नाहीं.”

“दहा-बारा शितें खाल्लीं.”

“आणि साखर उतरली ती कारल्यानें नाहीं.”

मामांनी मान डोलावली, आणि त्यांनी निदान इथे तरी खोटं बोलायला हवं होतं असं श्रीविद्याला वाटून गेलं. मामींनी डाव पातेल्यात ठेवला. “तीन महिने चारास उठून कारलीं किसलीं मीं,” त्या म्हणाल्या, कुणालाच उद्देशून नाही, आणि आत गेल्या. त्या दुपारी घरात कॉफी झाली नाही. रात्री तिघांना मोजून सहा डोसे झाले आणि चटणी झालीच नाही. मामा सातव्यांदा म्हणाले की डोसे फार छान झालेत.

दहाव्या दिवशी सकाळपासून मामी बोलत नव्हत्या. श्रीविद्याने बर्फ आणला, सुया मांडल्या, लवंगेचं तेल मोजलं. नमुने घेतल्यानंतर पुढच्या दहा दिवसांचं खाद्य ठरवायला मासे तोलायचे असतात. ती शेडमध्ये गेली तर वजनकाटा जागेवर नव्हता. शेडमध्ये शोधला, पुढच्या खोलीत शोधला, शिव्या ठाऊक नाहीत याची खंत केली आणि शेवटी स्वयंपाकघरात गेली.

काटा ओट्यावर होता. मामी चष्मा लावून त्याच्या ताटलीत मुठीने तांदूळ घालत होत्या.

“मामी, हा माझा काटा.”

“ठाऊक आहे. तुझ्या माशांस वजनाप्रमाणें खाणें. मग ह्यांस अंदाजानें कां?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. आता त्यांच्या आवाजात काल दुपारपासूनचा साठा होता. “तूं तीन टक्के घालतेस ना? मीं तुझ्या वहींत वाचलें. मामांचें वजन बहात्तर. तीन टक्के केले. किती आले सांग.”

श्रीविद्याने मनात हिशेब केला आणि डोळे मिटले.

“दोन किलोच्या वर येतात,” मामी म्हणाल्या. “दोन मापटीं त्याच्या निम्मींही नव्हतीं. तुझ्या शास्त्रानें मीं त्यांस उपाशीं ठेवत होतें.”

“मामी, माणसास तीन टक्के नसतात.”

“मग किती असतात?”

“तें डॉक्टर सांगेल.”

“म्हणजे माशांचें तुला ठाऊक आणि मामांचें ठाऊक नाहीं. बरें.” त्यांनी ताटलीतली एक मूठ काढून डब्यात परत टाकली, आकडा बघितला, आणखी अर्धी मूठ काढली. “हें तिघांचें. कावळा धरून. आणि आतां पातेल्यांत कांहीं उरलें तर तूं खायचेंस.”

काट्याच्या ताटलीत चार दाणे राहिले होते. श्रीविद्याने ते पदराने पुसले, काटा उचलला आणि मागे गेली. चार वाजत आले होते. मामा स्टुलावर येऊन बसले होते, पण टाक्यांपासून दहा हात लांब, दोन्ही तळवे उघडे ठेवून, तिला दिसतील असे.

पहिली टाकी एकवेळवाल्यांची होती, हे फक्त तिलाच माहीत होतं. मासा गुंगीत गेला. तिने शेपटीजवळ सुई लावली, थेंब पट्टीला टेकवला आणि पाच सेकंद मोजले. आज एकादशी नव्हती, नवमी होती. तिने सकाळी उठल्या उठल्या तक्त्यात बघितलं होतं.

५८.

तिने दुसरी पट्टी लावली. ६०.

“किती?” मामांनी लांबून विचारलं.

“उपाशी आहे,” ती म्हणाली आणि आकडा लिहिला.

“विद्या,” आतून मामींची हाक आली, “काम झालें कीं काटा परत आण. उद्यांची डाळ तोलायची आहे.”